पंडिता रमाबाई : औदार्याची केडगावातील साक्ष

बारामतीहून इंदापूरकडे जाताना वाटेत निमगाव केतकी लागते. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा या गावी मुक्कामास असतो आणि वारकऱ्यांसाठी गावची चूल पेटते. पाऊस नेहमीच हात आखडता घेतो अशा या मुलखात आलेल्याला भाकरी देण्याचे वळण जुने आहे. शेजारच्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे एका स्त्रीने प्रभू येशूवरील श्रद्धेच्या बळावर हे वळण फार दूरवर नेले. पंडिता रमाबाईंचे जीवन आपण या दृष्टीने पाहू या.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी झुगारून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि आई लक्ष्मीबाईंनी ती विद्या लेकीला दिली. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणाऱ्या या कुटुंबाला 1874 च्या सुमारास दुष्काळाने गाठले. वडील, आई आणि थोरली बहीण एकापाठोपाठ गेली. रमाबाई व बंधू श्रीनिवास उपाशीतापाशी पायी देश तुडवीत 1878 मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे 1880 मध्ये बंधू वारले. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. मात्र 1882 च्या प्रारंभी पतीही निवर्तले. हाती उरली चिमुकली मनोरमा.

पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींकडे राहत असताना, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना त्या भगिनी मायेने जवळ करतात हे त्यांनी पाहिले. विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलणारा ख्रिस्त त्यांना तेथे उमगला. दि. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा स्वीकारला.

रमाबाई कॅथलिक नव्हत्या, हे आम्ही जाणतो. तथापि दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1964 च्या ख्रिस्ती ऐक्यविषयक आदेशपत्रात, आपल्यापासून दुरावलेल्या बंधुभगिनींमध्ये आढळणारे ख्रिस्ताचे धन आनंदाने मान्य करण्यास आपल्याला शिकविले आहे. त्याच भावनेने हे स्मरण आम्ही करीत आहोत.

अमेरिकेतील मित्रांनी बोस्टन येथे मंडळ स्थापून दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले. त्या आधारावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आले. काही मुली ख्रिस्ती श्रद्धेकडे वळत असल्याची ओरड होऊन 1893 मध्ये अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनीही संबंध सोडला. सदन तगले, पण रमाबाई बऱ्याच एकाकी पडल्या.

खरी कसोटी पुढेच होती. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बोस्टनच्या मदतीची मुदत 1898 मध्ये संपणार होती. व्यवहार पाहता आहे ती लहानशी शाळा सांभाळणे हेच शहाणपण ठरले असते. पण रिकाम्या पोटाची आग रमाबाईंना पुस्तकातून कळली नव्हती. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि सुमारे 300 मुली व स्त्रिया घेऊन आल्या. प्लेगमुळे इतक्या जणींना पुणे शहरात ठेवता येईना, तेव्हा फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या जमिनीवर तंबू व झोपड्या उभारल्या. तेच मुक्ती सदन. 1900 पर्यंत तेथील संख्या दीड हजारांच्या घरात गेली.

या औदार्याचे एक वैशिष्ट्य आम्हांस विशेष मोलाचे वाटते. रमाबाईंनी आश्रितांना केवळ जेवू घातले नाही. शेती, विणकाम, छपाई, दूधदुभते अशी कामे शिकवून त्यांना पायावर उभे केले. पतित म्हणून हिणविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन काढले. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकविली. घेणारीची मान खाली जाऊ नये, याची काळजी घेणारे हे दान होते.

सरकारने 1919 मध्ये त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिले. जुलै 1921 मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. हा घावही सोसून रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळावरून चालविलेले बायबलचे मराठी भाषांतर पूर्ण केले आणि दि. 5 एप्रिल 1922 रोजी केडगाव येथे देह ठेवला. ते भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. मुक्ती मिशनचे कार्य आजही चालू आहे.

मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेकडे प्रभूने शिष्यांचे लक्ष वेधले, ते तिने शिलकीतून नव्हे तर उपजीविकेतून दिले म्हणून. आपण मात्र बहुधा घरखर्च, लग्नकार्य, मुलांचे शिक्षण सारे भागल्यावर जे उरेल त्यातून देतो, आणि काहीच उरले नाही तर पुढल्या वर्षी पाहू म्हणतो. रमाबाईंनी पुढल्या वर्षाची वाट पाहिली असती, तर त्या 300 जणींपैकी किती जणी वाचल्या असत्या? आपल्या धर्मग्रामातील एखादी विधवा, फी भरता न आल्याने शाळा सोडणारे एखादे लेकरू, कामाच्या शोधात आलेले एखादे बिऱ्हाड यांच्याकडे पाहताना हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा, अशी आमची नम्र विनंती आहे.