घर्षणाचे नियम मांडणारे कूलोम

विद्युतभाराच्या एककाला ज्यांचे नाव दिले गेले, ते चार्ल्स ऑगस्टिन कूलोम हे मूळचे लष्करी अभियंते. फ्रान्समधील अंगुलेम येथे १४ जून १७३६ रोजी त्यांचा जन्म झाला. मेझियेर येथील लष्करी विद्यालयात शिक्षण घेतल्यावर १७६४ ते १७७२ अशी आठ वर्षे त्यांनी वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर किल्ल्याचे बांधकाम सांभाळले. तेथील आजारपणाने त्यांची प्रकृती कायमची खालावली.

मायदेशी परतल्यावर रोशफोर येथील नौदलाच्या गोदीत त्यांनी घर्षणाचे प्रयोग आरंभले. लाकूड, धातू व दोरखंड यांवर जहाजबांधणीत पडतात तसे मोठे भार टाकून त्यांनी मोजमापे घेतली. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते आणि सरकण्याच्या वेगावर फारसे अवलंबून नसते, असा त्यांचा निष्कर्ष होता. लाकूड धातूवर सरकताना मात्र वेगाचा परिणाम जाणवतो, हेही त्यांनी प्रांजळपणे नोंदविले. या प्रबंधाला १७८१ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक लाभले. विद्युतभारांमधील बलाचा त्यांचा सुप्रसिद्ध नियम त्यानंतरचा, १७८५ चा. २३ ऑगस्ट १८०६ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या प्रयोगांत रबर नव्हते. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना गंधकासह तापवून रबर टिकाऊ करण्याची रीत सापडली आणि पुढे या पदार्थाने चाके व्यापली. पण तो कूलोम यांच्या नियमांत बसेना. भार वाढवला की रबराचे घर्षण वाढते, मात्र त्या प्रमाणात नव्हे; मऊ रबर आधीच पृष्ठभागाला बरेचसे चिकटलेले असल्याने घर्षणगुणांक उतरतो. वेग वाढताना घर्षण आधी चढते, शिखर गाठते आणि मग घसरते. के. ए. ग्रॉश यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले, की वेग वाढवणे आणि तापमान उतरवणे यांचा रबरावरील परिणाम सारखाच असतो. रबराच्या लांबलचक रेणूंना हालचालीस वेळ लागतो. थंडीत तो अधिक लागतो. म्हणूनच उन्हाळ्यासाठी बनविलेला टायर कडाक्याच्या थंडीत कडक होऊन रस्त्यावरील पकड गमावतो.

यामुळे कूलोम यांचे नियम खोटे ठरत नाहीत; त्यांची मर्यादा तेवढी स्पष्ट होते. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरावर थांबेल, हे ठरवताना ती मर्यादा विसरणे जिवावर बेतू शकते.