नरहर कुरुंदकर

नरहर अंबादास कुरुंदकर (जन्म : नांदापूर, १५ जुलै १९३२, मृत्यू : औरंगाबाद, १० फेब्रुवारी १९८२) हे मराठीतील समीक्षक, विचारवंत, वक्ते आणि शिक्षक होते. त्यांची कर्मभूमी नांदेड. साहित्यसमीक्षेइतकेच धर्म, समाज आणि राजकारण यांवरील त्यांचे लेखन महत्त्वाचे मानले जाते. स्वतःला उघडपणे नास्तिक म्हणवणाऱ्या कुरुंदकरांनी हिंदू धर्मपरंपरेची जी चिकित्सा केली, ती त्या परंपरेतील ग्रंथांच्या दीर्घ अभ्यासातून आलेली होती. मराठवाड्यात ते आजही 'कुरुंदकर गुरुजी' म्हणून ओळखले जातात.

जीवन

कुरुंदकरांचे मूळ गाव वसमत तालुक्यातील कुरुंदा. त्यांचे जन्मगाव नांदापूर हेही तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात होते. दोन्ही गावे आता हिंगोली जिल्ह्यात आहेत. महाविद्यालयीन शिक्षणासाठी ते हैदराबादला गेले. मराठीचे अभ्यासक डॉ. ना. गो. नांदापूरकर हे त्यांचे मामा. प्राचीन मराठी काव्य आणि महाभारत यांची गोडी त्यांना लागली ती या सहवासात. अवांतर वाचन अफाट, पण परीक्षेशी मात्र त्यांचे फारसे जमले नाही. इंटरच्या परीक्षेत ते एकाहून अधिक वेळा अनुत्तीर्ण झाले आणि पदवी लांबणीवर पडली. १९५५ मध्ये नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत ते शिक्षक झाले. पुढे एम. ए. होऊन १९६३ मध्ये पीपल्स कॉलेजात मराठीचे अधिव्याख्याते व १९७७ मध्ये त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. मृत्यूपर्यंत ते या पदावर होते.

वैचारिक जडणघडण

कुरुंदकरांचे बालपण आणि किशोरवय निजामी राजवटीत गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. रझाकारांचे अत्याचार सोसलेल्या मराठवाड्यात हिंदू असणे ही केवळ श्रद्धेची बाब उरली नव्हती. ती सोसलेपणाची आणि प्रतिकाराची खूणही झाली होती. अशा प्रदेशात, अशा वेळी, ब्राह्मण घरातील एका तरुणाने आपल्याच धर्माची उलटतपासणी आरंभणे सोपे नव्हते. आपण नुकतेच वाचलो आहोत, आता आपल्यातले दोष कशाला उकरायचे, ही भावना तेथे स्वाभाविक होती. कुरुंदकरांनी ती मान्य केली नाही. 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' या पुस्तकात त्यांनी मुक्तिलढ्याची मांडणी सरंजामी राजवटीविरुद्धचा लोकशाही लढा म्हणून केली, त्याला हिंदू-मुसलमान झगड्याचे रूप देण्यास ते तयार नव्हते. हीच भूमिका लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांची होती. स्वामीजी संन्यासी आणि त्यांना आदर्श मानणारे कुरुंदकर निरीश्वरवादी, ही जोडी बाहेरच्यांना विसंगत वाटली तरी नांदेडकरांना तसे वाटत नसे. राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी विचार यांचाही कुरुंदकरांवर खोल संस्कार होता.

धर्मचिकित्सा

हिंदू परंपरेत ईश्वर न मानणे हा मोठा अपराध नाही. सांख्य आणि पूर्वमीमांसा ही दर्शने जगाचा कर्ता ईश्वर न मानताही वैदिक ठरली. जातीचे नियम पाळणारा, पंगतीचे आणि सोयरिकीचे बंधन न मोडणारा नास्तिक समाजाला सहज पचतो. त्यामुळे नुसत्या नास्तिकपणाने या परंपरेला फारसा धक्का बसत नाही. कुरुंदकरांच्या चिकित्सेचा रोख म्हणूनच देवापेक्षा आचारधर्मावर, म्हणजे जातिव्यवस्था, स्त्रियांचे स्थान आणि ग्रंथप्रामाण्य यांवर राहिला.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे 'मनुस्मृती : काही विचार' हे व्याख्यानांतून तयार झालेले छोटे पुस्तक. बारा अध्यायांची मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रहात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली जाळण्यात आली, तेव्हापासून महाराष्ट्रात या ग्रंथाविषयी बहुधा दोनच सूर ऐकू येत. एक धिक्काराचा, दुसरा सारवासारवीचा. सारवासारव करणारे प्रतिकूल श्लोक प्रक्षिप्त ठरवत आणि स्त्रियांचा सन्मान सांगणारा एखादा श्लोक पुढे करत. त्याच ग्रंथात स्त्री कधीही स्वातंत्र्यास पात्र नाही असा निर्वाळा आहे, हे मात्र मागे राही. कुरुंदकरांची सहानुभूती निःसंशय धिक्कार करणाऱ्यांकडे होती. पण ज्याचा धिक्कार करायचा तो ग्रंथ नीट वाचला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. स्मृतींनी जात निर्माण केली नाही. चालत आलेल्या रूढीला त्यांनी पावित्र्य दिले, मान्यता दिली. तेव्हा ग्रंथ नाकारला म्हणून जात जाईल, असे मानणे भाबडेपणाचे होय. ती घरात, लग्नात, नित्याच्या व्यवहारात जिवंत राहते. या मांडणीने ग्रंथाचे समर्थक दुखावले आणि काही सुधारकही पुरते सुखावले नाहीत. कारण तीत पोथी दूर सारून मोकळे होण्याची सोय कोणालाच नव्हती.

महाभारत हा त्यांच्या आयुष्यभराच्या आवडीचा ग्रंथ. 'व्यासांचे शिल्प' या पुस्तकात त्यांचे याविषयीचे लेखन संकलित झाले आहे. धर्मग्रंथ म्हणून आलेल्या पूज्यभावाला बाजूला ठेवून त्यांनी तो माणसांच्या सामर्थ्याचा आणि स्खलनाचा ग्रंथ म्हणून वाचला. उपेक्षित नायक म्हणून लोकप्रिय झालेल्या कर्णाचीही त्यांनी मूळ संहितेच्या आधारे परखड तपासणी केली. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' (१९६८) या कादंबरीला पत्ररूपाने लिहिलेल्या दीर्घ प्रस्तावनेत त्यांनी शिवाजी महाराजांना अवतारकल्पनेतून बाहेर काढून राज्यकर्ता माणूस म्हणून समजून घेतले. ही प्रस्तावना कादंबरीइतकीच वाचली गेली, आणि अनेकांना कुरुंदकरांची पहिली ओळख तिच्यातूनच झाली.

धर्मनिरपेक्षतेचा विचार

'जागर' (१९६९) आणि 'शिवरात्र' (१९७०) या संग्रहांत कुरुंदकरांचे राजकीय व सामाजिक लेख आहेत. सर्व धर्मांचा सारखाच आदर म्हणजे सर्व धर्मांतील सनातनीपणाला सारखेच संरक्षण, असा अर्थ निघत असेल तर तो त्यांना मान्य नव्हता. नागरिकाच्या हक्कांसाठी धर्माच्या क्षेत्रात हस्तक्षेप करण्याचा अधिकार राज्याला असला पाहिजे, असे ते मानत. महात्मा गांधींच्या हत्येमागील विचारपरंपरेची त्यांनी केलेली चिकित्सा हिंदुत्ववाद्यांना झोंबणारी होती. दुसरीकडे, हमीद दलवाई यांच्या मुस्लिम सुधारणेच्या कार्याचे ते समर्थक होते आणि मुस्लिम राजकारणावरही त्यांनी तितक्याच कठोरपणे लिहिले.

टीका

या दुहेरी कठोरपणामुळे कुरुंदकरांचे लेखन अर्धे अर्धे वापरले गेले. मुस्लिम राजकारणावरील त्यांचे लेख हिंदुत्ववाद्यांनी उचलले आणि मनुस्मृतीवरील विवेचन सोयीस्करपणे वगळले. पुरोगामी वर्तुळातही मुस्लिम समाजाविषयीची त्यांची काही विधाने सरसकट असल्याचा आक्षेप घेतला गेला. दुसरा आक्षेप अभ्यासपद्धतीचा आहे. त्यांचे बरेचसे लेखन भाषणांतून आलेले. विलक्षण स्मरणशक्तीवर विसंबून ते बोलत, संदर्भ क्वचितच देत. संशोधकाला याची अडचण होते, हे खरेच आहे. वर्गात आणि सभेत ऐकणाऱ्यांना मात्र हेच त्यांचे सामर्थ्य वाटे.

मृत्यू

औरंगाबाद येथे एका कार्यक्रमात व्यासपीठावर असतानाच हृदयविकाराच्या झटक्याने कुरुंदकरांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ४९ वर्षांचे होते. त्यांची अनेक पुस्तके मित्रांनी आणि विद्यार्थ्यांनी विखुरलेले लेख व भाषणे गोळा करून त्यानंतर प्रसिद्ध केली.