कादंबरीकार नाथमाधव

सिंहगडाचे नाव निघताच १६७० सालची ती काळोखी रात्र आणि कडा चढून जाणारे तानाजी मालुसरे यांची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. दोनशेहून अधिक वर्षांनंतर याच गडाच्या कड्याने एका तरुणाच्या आयुष्यास निराळेच वळण दिले.

त्या तरुणाचे नाव द्वारकानाथ माधव पितळे. त्यांचा जन्म १८८२ साली मुंबई येथे झाला. शालेय शिक्षण आटोपून ते नोकरीस लागले. त्यांना शिकारीचा मोठा नाद होता. शिकारीच्या निमित्ताने एकदा ते सिंहगडावर गेले असता कड्यावरून खाली कोसळले. प्राण वाचले, परंतु कमरेखालचा भाग कायमचा लुळा पडला. रानावनांतून हिंडणाऱ्या या उमद्या तरुणाला ऐन तारुण्यात अंथरूण धरावे लागले.

अशा प्रसंगी सामान्य मनुष्य दैवाला दोष देत उरलेले दिवस कंठतो. द्वारकानाथांनी तसे केले नाही. रुग्णशय्येवर पडल्या पडल्या त्यांनी विपुल वाचन केले आणि वाचता वाचता त्यांना लेखनाची गोडी लागली. आपल्या व वडिलांच्या नावांतून त्यांनी ‘नाथमाधव’ हे टोपणनाव सिद्ध केले. ‘प्रेमवेडा’ ही त्यांची पहिली कादंबरी १९०८ साली प्रसिद्ध झाली.

ऐतिहासिक कादंबरीची गोडी मराठी वाचकांना हरि नारायण आपटे यांनी लावलेली होती. नाथमाधवांनीही ती वाट धरली. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्यावरील संकट’ इत्यादी कादंबऱ्यांच्या मालेतून त्यांनी शिवकाल व त्यापुढील काळ वाचकांपुढे उभा केला. ‘सावळ्या तांडेल’ या कादंबरीत त्यांनी वाचकांना समुद्रावर नेले. ‘डॉक्टर’ या कादंबरीत स्त्रियांच्या शिक्षणाचा प्रश्न हाताळला.

परंतु बालवाचकांना त्यांचे नाव विशेष परिचित झाले ते ‘वीरधवल’मुळे. ही अद्भुतरम्य कादंबरी १९१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील राजे व राज्ये इतिहासात शोधून सापडावयाची नाहीत. ती कल्पनेची निर्मिती आहेत. रहस्यकथेचे मर्म असे की, लेखकाला ठाऊक असलेली गोष्ट वाचकाला योग्य वेळेपर्यंत कळता कामा नये. आणि ती कळल्यावर मागील सर्व प्रसंगांचा उलगडा झाला पाहिजे. ही कला नाथमाधवांना उत्तम साधली होती. एक गूढ उकलते न उकलते तोच दुसरे पुढे उभे राही आणि पुस्तक हातचे खाली ठेववत नसे. कित्येक मुलांना जाडजूड ग्रंथ वाचण्याची पहिली सवय याच कादंबरीने लावली.

ज्याला स्वतःला चार पावले टाकणे अशक्य झाले होते, त्याने वाचकांना गडकोट, अरण्ये व सागर यांतून मनमुराद हिंडविले. ज्या सह्याद्रीच्या कड्याने त्यांचे पाय हिरावून घेतले, त्याच सह्याद्रीच्या पराक्रमाचे वर्णन करताना त्यांच्या लेखणीत कडवटपणा आला नाही.

सुमारे वीस वर्षे अखंड लेखन करून १९२८ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी नाथमाधव निधन पावले. शरीराचे बळ खचले तरी मनाचे बळ खचू न देणारा मनुष्य केवढे कार्य करू शकतो, हे त्यांच्या चरित्रावरून दिसून येते.