कराची ते मुंबई: ८८० किमी, सव्वासात तास आणि जेआरडी टाटा

घोडबंदर रोडला ट्रॅफिक लागलं तर बाळकुमहून अंधेरीचं विमानतळ गाठायला दीड तास सहज जातो. तेवढ्या वेळात आजचं जेट विमान कराचीहून मुंबईला येऊ शकतं. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ८८० किमी. पण १९३२ साली याच प्रवासाला सव्वासात तास लागले होते. विमान चालवत होते जेआरडी टाटा!

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील पारशी, आई फ्रेंच. विमानाचं वेड लहानपणापासूनचं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला हा पहिलाच परवाना.

त्या काळी लंडनची टपाल विमानाने फक्त कराचीपर्यंत यायची. पुढे मुंबई-मद्रासला ती विमानानेच न्यावी, ही कल्पना नेव्हिल व्हिंटसेंट या वैमानिकाची. जेआरडींनी ती उचलून धरली.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी ६:३५ ला जेआरडी टपालाच्या थैल्या घेऊन 'पस मॉथ' या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून कराचीहून निघाले. दुपारी १:५० ला ते जुहूच्या मैदानावर उतरले.

मग सव्वासात तास का लागले? हिशेब सोपा आहे. इंधन भरायला अहमदाबादला थांबावं लागायचं, त्यामुळे अंतर झालं साधारण १०४० किमी. पस मॉथचा वेग ताशी १६० किमीच्या आसपास, म्हणजे नुसतं उडायलाच साडेसहा तास. उरलेला वेळ थांब्याचा. तिथे इंधनाचे डबे चक्क बैलगाडीतून आले होते! विमानात रेडिओही नव्हता. खालची जमीन बघत वाट काढायची. आजचं जेट ताशी ८०० किमीने जातं, तरी दीड तास धरावा लागतो, कारण वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो. म्हणूनच नुसत्या अंतरावरून विमानाची वेळ काढली की हिशेब चुकतो.

या टपालसेवेतूनच पुढे १९४६ मध्ये एअर इंडिया उभी राहिली. ८ जून १९४८ ला तिचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. १९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, तरी अध्यक्षपदी जेआरडीच राहिले, ते थेट १९७८ पर्यंत.

१५ ऑक्टोबर १९८२ ला, वयाच्या ७८ व्या वर्षी, जेआरडींनी 'लेपर्ड मॉथ' या जुन्या विमानातून पुन्हा कराची ते मुंबई उड्डाण केलं. पन्नास वर्षांत मधे देशाची सीमा आली होती, पण हवाई वाट तीच होती. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं आणि २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं.

२०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. कराची-मुंबई थेट विमान मात्र आज नाही. दुबईला विमान बदलून जायचं म्हटलं, तर ८८० किमीसाठी तीन हजार किमीहून जास्त फेरा पडतो. थांब्याचा वेळ धरला, तर जेआरडींचे सव्वासात तासही कमी वाटतील!