हौद खुला करणारे जोतीराव

एप्रिल उजाडला की आमच्या आष्टा परिसरात दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात. रुग्णालयात चक्कर, डोकेदुखी, पायांत गोळे येणे, लघवीला जळजळ अशा तक्रारी घेऊन येणारे रुग्ण वाढतात. याच महिन्यात, 11 तारखेला, महात्मा जोतीराव फुले यांची जयंती असते. मुलींची शाळा आणि सत्यशोधक समाज यांमुळे आपण त्यांना ओळखतो. त्यांच्या आयुष्यात पाण्याचीही एक गोष्ट आहे, आणि डॉक्टर म्हणून मला ती आरोग्याची गोष्ट वाटते.

फुले घराणे मूळचे आपल्या सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. आडनाव गोऱ्हे; पुण्यात फुलांच्या व्यवसायामुळे ते फुले झाले. जोतीरावांचा जन्म 1827 चा. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच वारल्या. 1840 मध्ये नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला आणि 1848 मध्ये या दांपत्याने पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली.

त्या काळी अस्पृश्य मानलेल्या माणसाला सार्वजनिक विहिरीवर किंवा हौदावर पाणी भरता येत नसे. कोणी दयेने वरून ओतेल तेव्हाच घागर भरायची. ऐन उन्हाळ्यात, दिवसभर राबून आल्यावरही, तासन् तास वाट पाहायची. 1868 मध्ये जोतीरावांनी आपल्या घरातील पाण्याचा हौद या लोकांसाठी खुला केला. आपल्याच भाऊबंदांचा रोष त्यामुळे पत्करावा लागणार, हे त्यांना माहीत होते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह याच्यानंतर 59 वर्षांनी, 1927 मध्ये झाला, हे लक्षात घेतले की या कृतीचे मोल कळते.

वैद्यकीय दृष्टीने पाहू. प्रौढ माणसाच्या वजनाचा साधारण 60 टक्के भाग पाणी असते. उन्हात अंगमेहनत करताना तासाला एक लिटर, कधी त्याहूनही जास्त घाम जातो. ते पाणी भरून निघाले नाही तर रक्ताचे प्रमाण घटते, नाडी जलद होते, लघवी कमी व गडद होते. घामच आटला तर अंग थंड ठेवण्याची सोय संपते. शरीराचे तापमान 40 अंश सेल्सिअसवर जाऊन माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात. त्यात जीव जाऊ शकतो. घाम जातीप्रमाणे कमीजास्त येत नाही. पाणी मात्र जातीप्रमाणे मिळत होते.

पुढे 1876-77 चा भीषण दुष्काळ आला. तेव्हा सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपासमारीने गांजलेल्या मुलांसाठी अन्नाची आणि राहण्याची सोय केली. दुष्काळात माणसे केवळ भुकेने मरत नाहीत. मिळेल ते घाण पाणी पिऊन जुलाब आणि पटकी होते आणि अंगातले पाणी व क्षार निघून जातात. याच काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते. 1883 मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी पावसाचे पाणी ताली-बंधारे घालून शिवारात जिरवावे, असा आग्रह धरला.

1888 मध्ये त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात निकामी झाल्यावर ते डाव्या हाताने लिहीत राहिले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे निधन झाले. सावित्रीबाई 1897 मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या.

त्या हौदाने मला एक गोष्ट शिकवली. भरपूर पाणी प्या, असे आम्ही डॉक्टर सांगतो आणि मोकळे होतो. पण माणूस हाताशी असेल तेवढेच पाणी पितो. उसात भांगलणीला गेलेल्या बाया जवळ शौचालय नाही म्हणून दिवसभर घोटभर पाण्यावर काढतात आणि मग मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग किंवा मुतखडा घेऊन येतात. म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते. शिवाय पाणी मागायचे तर कोणाला तरी उठवावे लागते, म्हणून आजी मागतच नाही. शाळेतले मूल बाटली संपली की तसेच बसते.

म्हणून या उन्हाळ्यात स्वतःपुरते पाहू नका. बांधावर सावलीत पाण्याची कळशी ठेवा आणि कामकऱ्यांना दर वीस मिनिटांनी थोडे थोडे पाणी पिण्याची मोकळीक द्या. आजी-आजोबांच्या उशाशी तांब्या-भांडे ठेवा आणि आठवणीने विचारा. दिवसाला साधारण अडीच-तीन लिटर पाणी, उन्हात काम असेल तर त्याहून जास्त लागते. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे, असे समजा. खूप घाम जात असेल तर नुसत्या पाण्यासोबत मीठ घातलेले ताक किंवा लिंबू सरबत घ्या. जुलाब-उलट्या होत असतील तर ओआरएसचे पाकीट वापरा. ते नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. उन्हात कोणी बरळू लागला तर त्याला सावलीत न्या, अंग ओले करून वारा घाला आणि लगेच 108 ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

11 एप्रिलला जोतीरावांच्या प्रतिमेला हार घालाल, तेव्हा दारात एक पाण्याचा माठही भरून ठेवा. येणाऱ्या-जाणाऱ्याला मागावे न लागता पाणी मिळू द्या.