श्रीगाडगेबाबा आणि परगावच्या माणसाची रात्र

परगावी गेल्यावर दिवस कसाही निघतो, पण रात्र निघत नाही. पंढरीच्या वाटेवर आपल्याला ही अडचण फारशी कळत नाही. दिंडीचा तंबू असतो, गावोगावची मंडळी ओसरी झाडून ठेवतात, आणि काहीच नसले तरी आकाश आपलेच आहे. आमच्या कर्जतला आषाढ वद्य एकादशीस श्रीसंत गोदड महाराजांचा रथ निघतो. त्या दिवशी साक्षात पांडुरंग महाराजांच्या भेटीला येतो अशी भावना आहे. त्या रात्री गावात पाहुणा नाही असे घर सापडणे कठीण. पण हाच माणूस मुंबईला गेला, की त्याला कोण ओळखतो? त्यातून आमच्या गावाचे नाव सांगावे तर मुंबईकर मंडळी लोकलगाडीचे कर्जत समजतात आणि शेवटची गाडी किती वाजता आहे ते सांगू लागतात. आमचे कर्जत नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातले, हे समजावता समजावता तोंड दुखते.

या महिन्यात आम्ही ज्यांचे चरित्र सांगणार आहोत, त्या श्रीगाडगेबाबांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच, १९५२ साली, त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. झाडू घेतलेले बाबा शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहेत. पण परक्या शहरात गरिबाने रात्री पाठ कोठे टेकावी, या एका प्रश्नाच्या मागे त्यांनी आयुष्याची चाळीस वर्षे घातली, तिकडे आपले लक्ष कमी जाते. आमचेही कमीच होते. ते कसे गेले, ते पुढे सांगूच.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे, परीट कुळात. आईचे नाव सखुबाई. वडील व्यसनापायी लवकर गेले, आणि आई पोराला घेऊन दापुऱ्यास माहेरी आली. हे दापुरे मूर्तिजापूर तालुक्यात आहे. तेथे डेबूजींनी गुरे राखली, नांगर धरला, पुराच्या पाण्यात पोहण्यात नाव काढले. अक्षराशी मात्र गाठ पडली नाही. मामांची चांगली जमीन सावकाराच्या कागदात सापडली आणि कागद वाचणारे घरात कोणी नव्हते. काय लिहिले आहे ते न कळता अंगठा उमटला की काय होते, हे त्या तरुण पोराने डोळ्यांनी पाहिले. ही गोष्ट लक्षात ठेवा, मंडळी, पुढे कामाला येणार आहे.

१८९२ मध्ये लग्न झाले, पत्नीचे नाव कुंताबाई. लेकरे झाली. मुलीच्या बारशाला भावकीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि सागुती हवी होती, ती न देता डेबूजींनी गोडाचे जेवण घातले. भावकी रुसली. नंतर १ फेब्रुवारी १९०५ रोजी भल्या पहाटे त्यांनी घर सोडले. सुमारे बारा वर्षे ते कोठे फिरले, कोठे निजले, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, डोक्यावर फुटके गाडगे, हातात काठी आणि खराटा. ते गाडगे ऊन लागले की टोपी आणि भूक लागली की ताट. या वेषाच्या माणसाला रात्री कोण ओसरीवर घेणार? चोर म्हणून हाकलले, वेडा म्हणून पोरांनी दगड मारले. परगावच्या माणसाची रात्र म्हणजे काय, हे बाबा पोथीतून शिकले नाहीत. त्यांची शाळा तीच होती.

आम्ही स्वतः पाठशाळेत लघुकौमुदी घोकून मोठे झालो. गुरुजींनी अतिथी शब्दाचा अर्थ सांगितला होता, तो असा की ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. आम्ही हा अर्थ कीर्तनात शेकडो वेळा सांगितला आणि शाबासकी घेतली. ज्याच्या जाण्याचीही तिथी ठरलेली नाही, अशा अतिथीचे काय करायचे, हे मात्र आम्हाला कोणी विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

बाबांच्या बांधकामाचा आरंभ वऱ्हाडात पूर्णाकाठच्या ऋणमोचनला झाला. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. नदीला उतरायला धड वाट नव्हती, चिखलात म्हातारी माणसे घसरून पडत. बाबांनी तेथे आधी हातांनी वाट नीट केली, मग लोक गोळा झाले, मग घाट उभा राहिला. त्यांची पद्धत पुढे शेवटपर्यंत हीच राहिली. आधी स्वतः खराटा नाहीतर घमेले धरायचे, मग पाहणाऱ्याला लाज वाटून तोही हात लावतो.

आता पंढरीची गोष्ट. ती आपल्या संप्रदायाची असल्यामुळे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पंढरपुरात मठ होते, वाडे होते, फडांच्या जागा होत्या. पण जो तो आपापल्या जातीचा आणि ओळखीचा. चोखोबांच्या कुळातले वारकरी इतकीच पायपीट करून येत, चंद्रभागेत तेच स्नान करीत, आणि रात्री वाळवंटात भिजत पडत. महाद्वारापुढे त्यांना पाऊल टाकता येत नव्हते, ते ठीक नव्हतेच. पण पावसात छपरासाठीही कोणी विचारू नये? वारकरी म्हणवून घेणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना याचे काही वाटले नसेल काय? कदाचित वाटलेही असेल. पण छप्पर कोणी घातले नाही. ते बाबांनी घातले. १९२० च्या आसपास पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना उघडले ते १९४७ साली. म्हणजे देवाचे दार उघडण्याच्या कितीतरी आधी बाबांनी झोपण्याचे दार उघडून ठेवले होते.

गंमत अशी, की बाबा स्वतः देवळात जात नसत. तीर्थयात्रेला कर्ज काढून जाणाऱ्याची ते कीर्तनात रेवडी उडवीत. नवस, बोकड, अंगात येणे, सगळ्यांवर आसूड. मग यात्रेकरूंसाठी धर्मशाळा का बांधल्या, असे आम्हाला एका तरुणाने कीर्तनानंतर गाठून विचारले. त्या दिवशी आम्ही काहीतरी गोल उत्तर दिले. नीट उत्तर असे आहे, की यात्रेला यावे की नाही हा एक प्रश्न आणि आलेला माणूस पावसात पडावा की नाही हा दुसरा. बाबांनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यावर टांगून ठेवले नाही.

पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा होत गेल्या. पैसा कोठून आला? मुंबईचे व्यापारी, गावोगावचे शेतकरी, कीर्तन ऐकणारी साधी माणसे यांच्याकडून. बाबांनी स्वतःजवळ पैसा ठेवला नाही. आणि आता ती सावकाराच्या कागदाची गोष्ट आठवा. अक्षर न येणाऱ्या या माणसाने प्रत्येक मोठ्या वास्तूला विश्वस्त नेमले आणि लेखी कागद करविले. आपल्या नातलगांचा तेथे हक्क लागू नये, याविषयी ते फार कडक होते. शिष्य नाही, गादी नाही, वारस नाही. आपल्याकडे मठाच्या गादीवरून भाऊबंद कचेरीच्या पायऱ्या झिजवतात, ते पाहता हा कडकपणा किती दूरचा विचार करून होता ते कळते. बाबा स्वतः धर्मशाळेच्या पक्क्या खोलीत राहत नसत. बाहेर झोपडीत नाहीतर झाडाखाली त्यांचे बिऱ्हाड. कुटुंबालाही त्यांनी त्या वास्तूंचे सुख लागू दिले नाही. याबद्दल कुंताबाईंना आणि मुलींना काय सोसावे लागले असेल, ते चरित्रकार दोन ओळींत आटोपतात. आम्हाला ते दोन ओळींत आटोपण्यासारखे वाटत नाही, पण जास्त सांगण्याचा अधिकारही आमचा नाही.

१९२३ मध्ये त्यांचा मुलगा गोविंदा कुत्रे चावल्याने गेला. बाबा त्या वेळी कोकणात कीर्तनाला उभे होते. निरोप आला तरी कीर्तन थांबले नाही. आम्ही हा प्रसंग तरुणपणी रंगवून सांगत असू. आता सांगवत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी बाबांना फार जिव्हाळा होता. १९४९ मध्ये पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, मुलांच्या शिक्षणाची सोय तेथे व्हावी म्हणून. जी वास्तू घमेले उचलून उभी केली, ती अशी देऊन टाकली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि शाळा, वसतिगृहे, धर्मशाळा यांचा व्याप तिच्याकडे गेला.

यानंतर जे झाले ते आमच्या मते बाबांच्या कामातले सर्वांत पुढचे पाऊल. सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय, ज्याला आपण जे. जे. म्हणतो, ते १८४५ पासूनचे. परळचे के. ई. एम. १९२६ चे, टाटा रुग्णालय १९४१ चे. खेड्यातला रोगी बरा होण्याची आशा धरून तेथे येऊ लागला. रोग्याला आत खाट मिळे. पण त्याच्याबरोबर आलेली बायको, म्हातारा बाप, भाऊ यांनी कोठे जावे? तीर्थाला गेलेला माणूस एकादशी झाली की द्वादशीला परततो. रुग्णालयात आलेल्याची द्वादशी कधी, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. जाण्याची तिथी नसलेला अतिथी तो हाच. लॉजचे भाडे दोन दिवस परवडेल, वीस दिवस नाही. मग पदपथावर पथारी, दगडांची चूल आणि शेजारी एक्सरेची पिशवी. बाबांनी हे पाहिले, आणि १९५४ मध्ये जे. जे. रुग्णालयातील रुग्णांच्या नातलगांसाठी मुंबईत धर्मशाळा उभी राहिली. धर्मशाळा तीर्थातच असावी हा आपला समज. जेथे जेथे गरीब अडून बसतो ते तीर्थ, असा हिशोब बाबांनी केला.

आमच्या तालुक्याच्या शेजारीच, जामखेड तालुक्यात, चौंडी. १७२५ साली अहिल्यादेवी तेथे जन्मल्या. काशी, गया, किती ठिकाणी त्या पुण्यश्लोक माउलीने यात्रेकरूंसाठी घाट आणि धर्मशाळा बांधल्या. तिच्यामागे दौलत होती आणि ती तिने योग्य जागी खर्च केली. बाबांच्या हातात गाडगे होते. या दोघांच्या कामाचे नाते ओळखायला आम्हाला साठी उलटावी लागली.

आता ते कसे ओळखले ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याच्या घशात गाठ निघाली आणि त्याला टाटाला नेण्यास सांगितले. मुंबईत आमची कीर्तने होतात, ओळखी आहेत, या घमेंडीवर आम्ही बरोबर गेलो. पहिल्या ओळखीच्या घरी चहा झाला. एका खोलीत सहा माणसे, त्यांनी तरी काय करावे? दुसरीकडे फोन लागला नाही. स्टेशनाजवळच्या एका लॉजने रोग्याचे कागद पाहून खोली नाही म्हणून सांगितले. पहिली रात्र रुग्णालयासमोर पदपथावर गेली. आम्ही फेट्याची उशी केली होती. रात्रभर झोप नाही. अतिथी शब्दाची व्युत्पत्ती आठवत होती आणि तिचा काही उपयोग नव्हता.

सकाळी पदपथ झाडणाऱ्या एका बाईने दादरच्या पूर्वेकडील गाडगे महाराज धर्मशाळेची वाट दाखविली. ही बाबांच्या पश्चात त्यांच्या नावाने उभी राहिलेली वास्तू. आम्ही गेलो. कोण, कोठले, कोणत्या जातीचे, असे काही विचारले नाही. रुग्णालयाचे कागद पाहिले आणि नाव लिहून घेतले. जागा लगेच नव्हती, थांबावे लागले, हेही सांगितले पाहिजे. पण दुपारी खाट मिळाली, आणि भाडे असे की शेतकऱ्याला गावाकडे गाय विकायला सांगावी लागली नाही. शेजारच्या खाटेवर आसामकडचे जोडपे होते. भाषा कळेना, पण त्या बाईने आमच्या रोग्यासाठी पेज करून दिली. गुण आला, गडी आज शेतात आहे.

तरुणपणी आम्ही बाबांच्या कीर्तनाला नाक मुरडत असू. पूर्वरंग नाही, उत्तररंग नाही, प्रमाणे धड नाहीत, प्रश्न विचारायचे आणि श्रोत्यांकडून उत्तर घ्यायचे, हे कसले कीर्तन? आमच्या वडिलांनी त्यांना प्रत्यक्ष ऐकले होते आणि ते आमच्यावर रागावत. नोव्हेंबर १९५६ मध्ये वांद्र्याला पोलिसांपुढे झालेले कीर्तन मुद्रित झालेले आहे. दादरहून परतल्यावर आम्ही ते पुन्हा ऐकले. कीर्तनाचे अंग अजूनही कच्चेच वाटले. पण ऐकताना आम्ही मान खाली घालून बसलो होतो.

त्या कीर्तनानंतर दीड महिनाही गेला नाही. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले, तो धक्का बाबांना फार लागला. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीपाशी, वाटेतच, बाबांनी देह ठेवला. अमरावतीला समाधी आहे.

कर्जतकडून कोणाला रोगी घेऊन मुंबईस जावे लागले, तर रुग्णालयाचे सर्व कागद आणि ओळखपत्र वेगळ्या पिशवीत ठेवावे, सकाळीच धर्मशाळेत पोचावे, आणि जागा नाही म्हटले तरी लगेच उठून लॉज शोधू नये, दुपारपर्यंत बसावे. एक सतरंजी आणि तांब्या बरोबर असू द्यावा. आणि जागा सोडताना आपली खाट झाडून द्यावी. केरसुणी तेथे दाराशीच असते.