वाहून गेलेल्या मातीचा हिशोब मांडणारा माणूस : ह्यू हॅमंड बेनेट

एखाद्या नदीखोऱ्यातून वर्षाला हेक्टरी किती टन माती वाहून जाते, याचा अंदाज आज कम्प्युटरवर काढता येतो. सॅटेलाइटची चित्रं, पावसाचे आकडे, उताराचा नकाशा असं सगळं जीआयएस सॉफ्टवेअरमध्ये भरलं, की कुठे जास्त धूप होते आणि कुठे कमी, हे रंगांत दिसतं. पण या गणिताचा पाया घातला गेला तो कम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधी. त्यात सगळ्यात मोठा वाटा होता ह्यू हॅमंड बेनेट यांचा.

बेनेट यांचा जन्म १८८१ चा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, कापूस पिकवणाऱ्या घरात ते वाढले. १९०३ मध्ये पदवी घेतली आणि सरकारच्या मृदा सर्वेक्षणात नोकरीला लागले.

१९०५ साली ते व्हर्जिनियातल्या लुइझा काउंटीत होते. तिथली जमीन नापीक का होतेय, हे शोधायचं होतं. सहकाऱ्यासोबत फिरताना त्यांनी दोन तुकडे पाहिले. एकावर झाडी होती आणि माती भुसभुशीत, ओलसर होती. शेजारीच, तशाच उतारावर नांगरलेलं शेत होतं आणि तिथली जमीन कडक झालेली. बेनेट यांच्या लक्षात आलं, की शेतातली वरची माती दर पावसात थोडी थोडी निघून गेली होती. ओघळी पडल्या असत्या तर कुणाला तरी दिसल्या असत्या. पातळ थर जात होता, म्हणून कुणाला पत्ताच नव्हता.

अडचण अशी, की त्यांच्याच खात्याचं मत उलटं होतं. माती ही कधीच न संपणारी संपत्ती आहे, असं खात्याने १९०९ मध्ये छापूनही टाकलं. बेनेट मात्र वर्षानुवर्षं लिहीत राहिले. १९२८ मध्ये त्यांनी एका सहलेखकासोबत सरकारी पत्रक काढलं आणि जमिनीची धूप हे राष्ट्रीय संकट असल्याचं ठणकावून सांगितलं.

पुढच्याच वर्षी संसदेने प्रयोगांसाठी १ लाख ६० हजार डॉलर दिले. वेगवेगळ्या राज्यांत प्रयोग केंद्रं उभी राहिली. मिसुरीत आधीपासून असे प्रयोग चालू होते, त्याचाच हा विस्तार. पद्धत साधी होती. उतारावर वाफे आखायचे, कुठे कापूस, कुठे गवत, कुठे मोकळी जमीन ठेवायची आणि खाली हौदात पाणी आणि माती पकडून मोजायची.

मग आला धुळीच्या वादळांचा काळ. दुष्काळात अमेरिकेच्या मध्य भागातल्या मैदानांची नांगरलेली माती वाऱ्यावर उडू लागली. १९३४ मध्ये बेनेट यांच्या खात्याने देशभर धुपीची पाहणी करून नकाशे बनवले. १९३५ चा किस्सा असा सांगतात, की सिनेटच्या समितीसमोर त्यांनी मुद्दाम आपलं बोलणं लांबवलं. वादळ राजधानीकडे येतंय, हे त्यांना ठाऊक होतं. खिडकीबाहेर आभाळ काळवंडलं आणि पुढे फार काही सांगावं लागलं नाही. २७ एप्रिल १९३५ ला मृदा संधारणाचा कायदा झाला. नव्या खात्याचे पहिले प्रमुख झाले बेनेट. १९५१ पर्यंत ते त्या पदावर होते.

वाफ्यांवर जमा झालेली आकडेवारी १९५४ पासून पर्ड्यू विद्यापीठात एकत्र केली गेली. वॉल्टर विशमायर आणि ड्वाइट स्मिथ यांनी त्यातून सूत्र बांधलं. पावसाचा जोर, माती सुटण्याची सहजता, उताराची लांबी आणि तीव्रता, जमिनीवरचं आच्छादन आणि बांधबंदिस्ती, या घटकांचा गुणाकार म्हणजे मातीचं वार्षिक नुकसान. १९६५ मध्ये हे सूत्र पुस्तिकेत आलं. बेनेट ते पाहू शकले नाहीत. १९६० मध्येच त्यांचं निधन झालं होतं.

जीआयएस आजही हेच करतं. जमिनीचे छोटे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनासाठी हा गुणाकार करतं. महाराष्ट्रातल्या खोऱ्यांच्या अभ्यासातही ही पद्धत वापरली जाते. पण या सूत्रात मोठ्या घळींतून जाणारी किंवा वाऱ्याने उडणारी माती धरलेली नाही. शिवाय मूळ आकडे अमेरिकेतल्या शेतांचे आहेत. त्यामुळे आपल्याकडचा नकाशा किती खरा, हे ठरवायचं असेल तर आपल्या उतारावरची माती मोजावी लागते. बेनेट यांच्या केंद्रांनी आपापल्या भागात हेच केलं होतं.